एका तिकिटात अख्खी खोली

महाडच्या कॉलेजात मला अभ्यासासाठी कुणी ओळखत नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. मला ओळखतात ते तारखांसाठी. कुठला सिनेमा कुठल्या शुक्रवारी लागणार, कुठला ट्रेलर कधी येणार, कुणाचा कार्यक्रम मुंबईत आणि कुणाचा पुण्यात, तिकिटं किती वाजता उघडणार, सगळं तोंडपाठ. रसायनशास्त्राच्या जर्नलच्या मागच्या पानांवर मी पुढच्या सहा महिन्यांचा तक्ताच आखून ठेवला होता. एकदा तो मॅडमच्या हाती लागला. रागावल्या, बोलल्या, आणि जर्नल परत देताना त्यांच्या मुलीला बघायचा होता त्या सिनेमाची तारीख हळूच विचारून घेतली.

यातली गंमत अशी, की प्रत्यक्ष बघितलेल्या सिनेमांची यादी केली तर अर्धं पानही भरायचं नाही. आमची वाडी कुडपणच्या पठारावर. मी आठवडाभर महाडच्या वसतिगृहात, शनिवारी घरी. पोलादपुरात उतरायचं आणि वर जाणारी एसटी मिळाली तर मिळाली. थिएटर गाठायचं, तिकीट काढायचं आणि वेळेत वसतिगृहात परतायचं, हे तिन्ही एकदम जमण्याचे दिवस वर्षाला दोन-तीन. पण मला त्याचं काही नाही. सिनेमा तीन तासांत संपतो, येणारा सिनेमा तीन महिने पुरतो. पोरीला वेड लागलंय म्हणतात. लागलंय. बरं मग?

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता बातमी आली, की मी बारावीपासून ज्याची गाणी ऐकत होते तो गायक डिसेंबरात मुंबईला गाणार, वांद्र्याच्या मैदानात. वर्गातली माझी मैत्रीण महाडच्या वकिलांची मुलगी. तिचे आईवडील गाडीने नेणार, आणणार. तिकिटं उघडली तेव्हा आम्ही दोघी वसतिगृहाच्या गच्चीत दोन फोन घेऊन बसलो होतो, आणि माझं तिकीट तिच्या आधी निघालं. घरी विचारायचं राहिलं होतं. ते नंतर विचारता येतं, तिकिटं थांबत नाहीत.

शनिवारी घरी गेले आणि सांगून टाकलं. आईने भाकरी थापता थापता नुसतं माझ्याकडे बघितलं. बाबा मात्र शांत होते. तिकीट काढलंस ते काढलंस, म्हणाले, पण कार्यक्रम संपल्यावर राहणार कुठे? मैत्रिणीचे नातेवाईक ठाण्याला असतात, मी त्यांच्याकडे राहीन, असं म्हणायचा अवकाश, त्यांनी मान हलवली. परक्याच्या घरात रात्र काढायची नाही. यावर त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे मला ठाऊक होतं.

"मग आपल्या खोलीवर राहते," मी म्हटलं.

बाबा हसले नाहीत, रागावले नाहीत. उठले आणि गोठ्यात निघून गेले.

ही खोली म्हणजे आमच्या गावाची खोली, माझगावात. आमच्याकडच्या बऱ्याच गावांची मुंबईत अशी एखादी खोली असते. गावच्या मंडळाने आजोबांच्या काळात घेतलेली, आणि गावातली कामाला गेलेली पुरुषमाणसं तिथे एकत्र राहतात. प्रत्येक घराची एक जागा, म्हणजे एक चटई मावेल एवढी जमीन आणि भिंतीशी एक पेटी. बाबांनी त्या जागेवर सव्वीस वर्षं काढली. दिवसा कापडाच्या गोदामात हमाली, रात्री ती चटई. मग गुडघे गेले आणि ते कायमचे गावी आले. पेटी तिथेच राहिली. बायकांनी त्या खोलीत यायचं, चहा प्यायचा आणि दिवेलागणीआधी निघायचं, हा नियम. राहायचं नाही. कुणाची आई असो, बहीण असो, नवीन लग्न झालेली बायको असो.

मला वाटलं, बाबांना मंडळाकडे शब्द टाकायला जड जातंय. ते तसे भिडस्तच. मग आपण टाकू की. मी त्यांचा फोन घेतला, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि झकास मसुदा लिहिला. डिसेंबरातल्या कार्यक्रमासाठी आमच्या घराच्या जागेवर मी एक रात्र राहणार आहे. जागा तशीही दोन वर्षं रिकामीच आहे, त्यामुळे कुणाची अडचण होणार नाही. कळावे. खाली माझं नाव, कंसात बाबांची मुलगी. पाठवला आणि वर स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन चहा प्यायले.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं, दोन वर्षं झाली का? दुसऱ्याने लिहिलं, हो की, झालीच. तिसऱ्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मला काही कळेना. संध्याकाळी बाबांनी फोन बघितला आणि ओट्यावर बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत. शेवटी आईने मला आत ओढलं आणि सांगितलं. जागा सलग दोन वर्षं रिकामी राहिली की ती गरजेच्या घराला द्यायची, असा मंडळाचा ठराव होता. बाबांना मुलगा नाही, मी एकटीच. पुढे त्या जागेवर जाणारं कुणी नाही. पण जागा गेली की मंडळात आपलं घर धरत नाहीत, गावच्या कामात आपला शब्द कुणी विचारत नाही. म्हणून बाबा दोन वर्षं महिन्याची वर्गणी न चुकता पाठवत होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते, कुणाला आठवण होऊ नये म्हणून. आणि मी ते गावच्या चव्हाट्यावर लिहून दिलं होतं, वर 'कळावे' घालून.

माझ्या जिभेला हाड नाही हे आई लहानपणापासून म्हणते. त्या दिवशी ती तेसुद्धा म्हणाली नाही. मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, तुला ठाऊक नव्हतं. बस. मला वाटत होतं त्यांनी दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात, म्हणजे सुटले असते.

दिवाळीला मुंबईची मंडळी गावी आली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. पुरुष पुढे, बायका मागे खांबांशी. मंडळाचे अध्यक्ष सत्तरीच्या घरातले, सगळे त्यांना आबा म्हणतात. बाबांच्या आधीपासून ते त्या खोलीत आहेत, अजूनही गावी परतायचं नाव नाही. त्यांनी चष्मा लावून माझा मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मग बाबांना विचारलं, खरं का रे हे? बाबा खाली बघून म्हणाले, खरं हाय.

खालच्या आळीतले एक काका उठले. त्यांचे दोन मुलगे त्या खोलीत, आणि जागा एक. धाकटा एका मॉलमध्ये सिक्युरिटीला, तो बाहेर पॅसेजमध्ये झोपायचा. काका काही वाकडं बोलले नाहीत. ठराव हाय, एवढंच म्हणाले, आन माझा पोरगा दारात झोपतो. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच मला घाम फुटला. वाईट माणसाशी भांडता येतं.

तरी मी उठले. आईने ओढणी धरली, मी सोडवून घेतली. म्हटलं, आबा, जागा दोन वर्षं रिकामी होती हे खरं, पण आता नाही. मी येतेय.

कुणीतरी पुढून हसलं, एका रात्रीसाठी काय?

मी म्हटलं, सिनेमे दर शुक्रवारी लागतात. कार्यक्रमही होतच असतात. जानेवारीत दोन आहेत, फेब्रुवारीत एक. हवं तर तारखा सांगते. आणि सांगायलाही लागले. बायकांत खसखस पिकली. नियमाचं काय, असं दोघं-तिघं बोलले. आबा मात्र माझ्याकडे बघतच राहिले. मग बाबांकडे वळले.

"अरे, ही तुझ्यावर गेली की रे," ते म्हणाले, आणि सगळ्यांना सांगायला लागले. "पूर्वी नवा सिनेमा लागला की आम्ही खोलीतले सगळे मिळून तिकीट काढायचो. एकच. आन ह्याला धाडायचो. हा परत आला की रांगेत बसून ऐकायचो. मारामारी सांगायचा, गाणी म्हणायचा, हिरोईनचा आवाज पण काढायचा. सकाळपाळीवाले जागे राहायचे, बोला. मी थिएटरात पाच सिनेमे बघितले नसतील आयुष्यात, पण ह्याच्या तोंडून शंभर तरी बघितले."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. आई तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिच्या डोळ्यांवरून कळत होतं, की तिलाही हे आजच कळतंय. आमच्या घरात बाबा कामापुरतं बोलतात. सिनेमाचं माझं वेड कुणाचं कुणास ठाऊक, असं मी वसतिगृहात सगळ्यांना ऐटीत सांगत आले होते.

आबांनी मग निकाल दिला, तोही अर्धाच. नियम मोडायचा नाही, पुरुषमाणसांत बाईने राहायचं नाही. त्या रात्री आपण सगळे समोरच्या खोलीत झोपू, ती शेजारच्या गावाची, ते नाही म्हणायचे नाहीत. पोरीने आपल्या जागेवर झोपावं. सकाळी मात्र तिने सगळा कार्यक्रम खोलीला सांगायचा, बाप सांगायचा तसा. जागा म्हणजे नुसती पेटी नव्हे, त्या माणसाचा खोलीला उपयोग होता. पोरीचा आहे का ते बघू आणि मग जागेचं ठरवू. खालच्या आळीतले काकाही म्हणाले, बघू तरी.

देवळातून परतताना मी बाबांना विचारलं, घरी कधीच का नाही सांगितलात एकही सिनेमा?

"तिथं दमून आलेली माणसं असायची गो," ते म्हणाले. "गावी आलो की मीच दमलेला असायचो."

डिसेंबर आला. मला धास्ती नव्हतीच. बोलणं हा काय माझ्यासाठी पेपर आहे? पोलादपूर स्टँडवर बाबा मला महाडच्या गाडीत बसवायला आले होते. गाडी हलता हलता खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, जास्त ओरडू नको, सकाळी सांगायचंय. मी म्हटलं, बाबा, तुम्ही काळजीच करू नका.

आणि मी ओरडले. काय सांगू, तो मंचावर आला आणि पहिल्या सुरालाच माझं भान गेलं. ज्या आवाजासाठी कानात इअरफोन घालून महाड-पोलादपूर केलं होतं, तो आवाज समोर, छातीत घुमतोय. तीन तास मी प्रत्येक गाणं त्याच्याबरोबर म्हटलं, ज्यांचे शब्द येत नव्हते तीही म्हटली, रडले, नाचले, अनोळखी मुलीच्या गळ्यात पडले. आयुष्यात इतकी खूश मी कधी झाले नव्हते. वकीलकाकांनी गाडीने मला माझगावात दारापर्यंत सोडलं. आबा किल्ली घेऊन उभे होते. त्यांना 'आले' म्हणायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

खोलीत पोरांनी फरशी धुऊन ठेवली होती, दोऱ्यांवरचे कपडे काढले होते. बाबांच्या जागेवर नवी चटई होती. मी त्यावर आडवी झाले आणि दोन्ही हात पसरले, तर एक भिंतीला लागला, दुसरा शेजारच्या जागेत गेला. सव्वीस वर्षं. ही जागा मी घालवली तर बाबा काही बोलणार नाहीत, पुन्हा ओट्यावर जाऊन बसतील, एवढंच डोळ्यांपुढे येत राहिलं.

सकाळी अकरा जण आले आणि भिंतीला टेकून बसले. चहा आला. मी दोन पेले गरम पाणी प्यायले, मीठ घालून गुळण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. मग खाणाखुणा करून सांगितलं, की घसा गेलाय, पण व्हिडिओ आहे. फोन मधे ठेवला आणि लावला. त्यात दूरवर एक दिव्याचा ठिपका हलत होता, आणि जवळून एक बाई किंचाळत होती. ती मीच. दोन गाणी झाली, तीन झाली. एकाने जांभई दिली. सिक्युरिटीतला धाकटा दाराशी बसला होता, त्याने आपल्या भावाकडे बघितलं.

आबांनी हात लांब करून फोन पालथा घातला.

"हे आमच्या फोनवर पण दिसतं," ते म्हणाले. "तू सांग."

मी कुजबुजत सुरुवात केली. पहिलं गाणं हे, मग ते, मग दिवे लागले. परीक्षेतलं उत्तर लिहावं तसं. दोन वाक्यं झाली आणि माझं मलाच कंटाळवाणं वाटलं. तेवढ्यात दाराशी बसलेल्या धाकट्याने विचारलं, आत सोडताना काय काय तपासलं? बहुतेक त्याच्या धंद्यातलं म्हणून त्याने सहज विचारलं असेल. मी म्हटलं, पाण्याच्या बाटलीचं बूच काढून घेतलं. का? भरलेली बाटली कुणी फेकून मारू नये म्हणून. बरोबर, तो म्हणाला, आन मग?

मग मला सापडलं. मी गेटापासून सांगायला लागले. बुचांचा तो ढीग, त्यात पाय घसरून पडलेला एक जण. माझ्यापुढे उभी असलेली साठीची बाई, पायात बूट, केस रंगवलेले, ती सुनेला घेऊन आली होती आणि सून कंटाळली होती. एक उंच मुलगा सगळ्यांच्या आड येत होता, मागच्यांनी त्याला खाली बसवलं, तर त्याने आपल्या मैत्रिणीला खांद्यावर घेतलं. आवाज नव्हता, म्हणून मी हातांनी सांगत होते, उठून दाखवत होते. तो गायक कसा आला, आल्यावर कसा काही न बोलता नुसता उभा राहिला, आणि हजारो माणसं कशी एकदम गप्प झाली. माझी कुजबूज ऐकायची म्हणून अकराच्या अकरा जण पुढे सरकले होते. भिंती सोडून सगळे मधे आले होते. कुणाचा तरी फोन वाजला, तर बाकीच्यांनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

मी दीड तास सांगत होते. एका गाण्याला तो स्वतःच रडला आणि पुढचं कडवं लोकांनी पूर्ण केलं, हे सांगताना मला पुन्हा रडू आलं. समोर आबांनी चष्मा काढला होता. संपलं तेव्हा कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी चहाचं आधण ठेवलं.

खालच्या आळीतला धाकटा पहिला बोलला. त्याने आबांना सांगितलं, पेटी त्यांचीच राहू दे. एरवी मी झोपत जाईन तिथं, ही आली की समोर जाईन. पॅसेजपेक्षा बरंच हाय.

आबांनी चष्मा पुन्हा लावला. मग मला म्हणाले, "जानेवारीत कुठला शुक्रवार म्हणालेलीस तू?"

मी तारीख सांगितली. त्यांना ऐकू गेली नाही, म्हणून बोटांवर दाखवली.

बाबांना फोन लावला. त्यांच्या मागून वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे घरात रेंज येते-जाते म्हणून सकाळपासून टेकाडावर जाऊन उभे होते. मी जिवाच्या आकांताने म्हटलं, बाबा, जागा राहिली. ते म्हणाले, काय? ऐकू येत नाय गो. तीनदा झालं तसं. शेवटी आबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्यांना ओरडून सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. आबा बराच वेळ नुसतं हो, हो म्हणत होते.

त्याच संध्याकाळी, सोमवारी, कॉलेज बुडवून पोलादपूरला उतरले तर बाबा स्टँडवर आलेले. गुडघे दुखत असताना एवढ्या खाली कशाला आलात म्हणून मी हातवारे करून भांडले. त्यांनी मला समोरच्या टपरीवर नेलं आणि दोन चहा सांगितले. आमच्याकडे पोरगा कामाला लागला की त्याचा बाप गावभर सांगत सुटतो, पोरगा खोलीवर असतो म्हणून. मुलींचे बाप त्या वेळी दुसरीकडे बघतात. टपरीवाल्याने माझी बॅग बघून विचारलं, ताई आज सोमवारची इकडे कुठे, कॉलेज नाही का?

"मुंबईवरून आली," बाबा म्हणाले. "खोलीवर असते ती."